चांदणी लावलेलं जू

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरला माझं भाषाशास्त्रातल्या एम.ए.चं पहिलं वर्ष झालं होतं आणि दुसऱ्या वर्षाला जायचं की नाही, हे बाबा ठरवणार होते. नरखेडकडच्या आमच्या गावात शिकलेली मुलगी चालायची, पण काय शिकली ते चार लोकांत सांगता यायला हवं. मास्तरीण, नर्स, इतपत. माझ्याबद्दल काय सांगावं, हा त्यांचा खराच पेच होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एसटीनं घरी पोचले तेव्हा बाबा गोठ्यात बैलांची खांदमळणी करत होते. वर्षभर जुवाखाली घट्टे पडलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, मग त्यांना लोणी-हळद चोळायची. पोळ्याला जू खांद्यावर चढत नाही.

"काय शिकून राहिली वं तू?" हात न थांबवता त्यांनी विचारलं.

भिंतीला टेकवलेलं जू दिसलं, म्हणून त्याचंच सांगितलं. आपलं जू संस्कृत ‘युग’मधून आलं. तिकडे जर्मन, इंग्रज, डच यांच्या पूर्वजांकडेही त्याच घराण्यातला शब्द होता, *युकन. तो कुणी लिहून ठेवलेला नाही. नंतरच्या भाषांतले शब्द शेजारी-शेजारी ठेवून विद्वानांनी तो जुळवला, म्हणून त्याच्याआधी ही चांदणीची खूण काढतात. म्हणजे, असणार असं वाटतं, पण पाहिलेला नाही.

"म्हणजे त्यायच्याकडंही बैल जुंपत?"

"हो. शब्द आहे म्हणजे जू असणारच."

"आन् खांदे कोन मळे?"

मला माहीत नव्हतं. वर्गात हे कुणी विचारलंच नव्हतं. शब्दावरून जू कळतं, त्याखालच्या खांद्याचं काही कळत नाही. संपलं शिक्षण, असंच वाटलं.

बाबांनी दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावून दरवर्षीचं बोलावणं केलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग हात पुसत मला म्हणाले, "पोळा झाला का जाय नागपूरले. हे शोधून काढ."

"लोक विचारतीन तं काय सांगाचं?" आई दारातून म्हणाली.

"सांग, बैलायचं शिकून राहिली."

गावात माझी तीच ओळख राहिली. दुसरं वर्ष झालं, पुढचंही बरंच झालं. उत्तर मात्र कुठल्याच भाषेत सापडलं नाही. आता बाबा नाहीत, गोठाही नाही. पोळा आला की त्यांची फार आठवण येते. त्या युकनवाल्यांकडेही कुणीतरी खांदे मळत असणार, असं मी धरून चालते. आधी चांदणी काढून.