फळ्यावरचा जमादार

ती केस आठवली की या वयातही माझे कान गरम होतात. पोलिसाने आठवणी लिहायच्या तर पकडलेल्या चोरांच्याच लिहायच्या, असा काही सरकारी आदेश नाही. म्हणून ही लिहितो. नाव मात्र कुणाचंच देणार नाही.

दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं आणि आपल्याकडे कडक दारूबंदी होती. एवढं सांगितलं की डहाणू-तलासरीच्या फौजदाराला काय उद्योग असायचा ते वेगळं सांगायला नको. बाटल्या तलासरीच्या बाजूने यायच्या. कशातून येतात ते आम्हाला कळत नव्हतं.

मी शिपायापासून चढत फौजदार झालेला माणूस. कायदा पाठ होता, माणूस ओळखता यायचा, पण इंग्रजीच्या नावाने बोंब होती. आमच्या वरच्या साहेबांना रिपोर्ट इंग्रजीतच लागे. माझा पहिला रिपोर्ट त्यांनी निळ्या पेन्सिलीने जागोजागी रेघा मारून परत पाठवला आणि खाली शेरा मारला, ‘आधी भाषा शिका.’ तो कागद माझ्याआधी ठाण्यातल्या कारकुनाने वाचला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मसोलीला एक निवृत्त हेडमास्तर राहत. संध्याकाळी ओटीवर फळा टांगून ते मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. गवताच्या वखारींचे गुमास्ते, कचेरीतले कारकून, एक-दोन मोटार ड्रायव्हर असे पंधराएक जण येत. फौजदाराने त्यांच्यात कसं बसायचं? मी आपला दुपारी कच्चा खर्डा खिशात घालून मागच्या दाराने जायचो. मास्तर तपकिरीची चिमूट ओढत, चष्मा कपाळावर चढवत आणि लाल पेन्सिल घेत.

“फौजदार, ‘पोलीस पार्टी विल प्रोसीड्स’? अहो, ‘विल’च्या पुढे ‘एस’ कुठून आला? आणि ‘टूमारो मॉर्निंगला’ म्हणजे काय? अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी!”

“मास्तर, मजकूर गुप्त आहे हं.”

“मला मजकुराशी काय करायचंय? मला वाक्याशी काम.”

मला ते पटलं. खर्डा मास्तरांकडेच राहायचा, सुधारलेली प्रत मी घेऊन यायचो. पुढे साहेबांच्या निळ्या रेघा थांबल्या. एकदा तर ‘बरी प्रगती’ असा शेरा आला आणि मी तो दोनदा वाचला.

पहिली खबर चिंचणीच्या एका बाईने दिली. सुकट-बोंबलांची टोपली घेऊन ती पाड्यापाड्यांवर फिरायची. सगळं ठाणं तिला मावशी म्हणायचं.

“साहेब, मी अडाणी बाई,” ती म्हणाली, “पण गवताची गाडी ओढताना बैलाच्या तोंडाला फेस येतो काय? तोही उतारावर?”

बस्स! आमच्या भागातून गवताच्या गाठी रेल्वेने मुंबईला जात, दिवसाला कितीतरी गाड्या डहाणू रोडला उतरत. त्या कोण तपासणार? मी साहेबांकडे जादा माणसं मागितली. गाव आणि वार घालून रीतसर इंग्रजी रिपोर्ट, मास्तरांकडून तपासून. तलासरीच्या रस्त्यावर छापा घातला आणि दोन गाड्या भरून बाटल्या निघाल्या. साहेब खूश.

दुसरा छापा सरावलीला, आधी तसाच रिपोर्ट पाठवून. गाड्यांत नुसतं गवत. तिसरा पुन्हा तलासरीकडे. तिथे तर गाडीवान आमच्यासाठी गाड्या सोडून, बैलांना पाणी पाजून, निवांत विड्या ओढत बसलेले! एकाने विचारलंसुद्धा, “साहेब, उशीर झाला का आज?”

खबर फुटत होती. छाप्याचा वार ठाण्यात दोघांनाच माहीत असायचा, मला आणि जमादाराला. जमादार माझ्यापेक्षा वयाने मोठे, पेन्शनला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तालुक्यातला प्रत्येक पाडा पायाखालचा. मी त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आरोपीला विचारतात तसं विचारलं. आज कबूल करतो, बसा असंही म्हटलं नाही.

“जमादार, छाप्याचा वार कुणाला सांगितलात?”

“कुणालाच नाही, साहेब.”

“घरी?”

“घरी मी ठाण्यातलं बोलत नाही.”

“मग काय मी फोडली खबर?”

त्यांनी वर्दीच्या पट्ट्याला हात लावला. म्हणाले, “साहेब, तेवीस वर्षं झाली या वर्दीत. माझी पेन्शन घालवायची तर घालवा, पण हा डाग लावून घरी पाठवू नका. माझ्या धाकटीचं लग्न ठरतंय.”

गुन्हेगार असंच बोलतात, असं मी स्वतःला बजावलं. त्याच दुपारी जमादाराविरुद्ध रिपोर्ट लिहिला, मसोलीला जाऊन सुधारून आणला आणि टपालात टाकला. एवढी सफाईदार इंग्रजी माझ्या नावावर कधी गेली नव्हती.

चार दिवसांनी मावशी पुन्हा आली. “अमक्या वखारीचा गुमास्ता तुमचा वार आधीच सांगतो हो. अगदी पंचांग बघितल्यासारखा.”

गुमास्त्याच्या खोलीत जमादाराच्या हातची चिठ्ठी सापडेल, अशी माझी खात्री. वॉरंट काढलं, दोन पंच घेतले आणि मुद्दाम जमादारांनाच बरोबर नेलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. झडतीत गादी, पेटी, देवाचा फोटो, सगळं उलटंपालटं केलं. चिठ्ठी नव्हती. शेवटी जमादारांनीच फळीवरून एक वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

“साहेब, ही इंग्रजीत आहे. मला कळत नाही, तुम्ही बघा.”

मी उघडली. डावीकडे चुकीची वाक्यं, उजवीकडे दुरुस्त केलेली. पहिल्याच पानावर ‘पोलीस पार्टी विल प्रोसीड्स टू तलासरी ऑन थर्सडे.’ स्वतःची चूक माणूस कुठेही ओळखतो हो! पुढच्या पानावर सरावली. त्याच्या पुढे पुन्हा तलासरी. सगळी माझी मुक्ताफळं. आणि शेवटच्या पानावर, ‘द जमादार आर सेलिंग सीक्रेट्स ऑफ पोलीस.’ समोर ‘आर’चं ‘इज’ केलेलं, आणि बाजूला मास्तरांची बरोबरची खूण.

“काय आहे साहेब त्यात?” जमादारांनी विचारलं.

पंच बघत होते. मी वही मिटली. “ठाण्यात सांगतो,” एवढंच म्हणालो.

गुमास्त्याने फारसा त्रास दिला नाही. “साहेब, मी काय चोरी केली? मास्तरसाहेब फळ्यावर लिहितात, आम्ही वहीत उतरवतो. पहिल्या वेळी माझं लक्षच नव्हतं. छापा पडला तेव्हा आठवलं, अरे, हे वाक्य तर आपण सोडवलेलं! मग दर वेळी शेठला सांगत गेलो.” माल वखारीच्या मागच्या गंजीत निघाला. मुद्देमाल जप्त झाला, शेठ आणि गुमास्ता दोघांवर खटला भरला.

मास्तरांकडे मी तावातावाने गेलो. त्यांना आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं.

“मी माणसांची नावं गाळली होती, फौजदार! गाव आणि वार तेवढे ठेवले, नाहीतर वाक्य पुरं कसं होणार? आणि खरं सांगू? पुस्तकातल्या चुका बेतलेल्या असतात. तुमच्यासारख्या जिवंत चुका मला कुठे मिळणार?”

“नाव गाळलंत, पण या गावात जमादार एकच आहे ना!”

तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला आणि ते खाली बसले. मी तरी कुठल्या तोंडाने रागावणार? गुप्त कागद माझ्याच खिशातून बाहेर गेला होता. घरभेदी शोधत मी तालुका पालथा घातला, आणि तो आरशात होता.

ठाण्यात येऊन मी जमादारांना खुर्चीवर बसवलं आणि वहीतलं शेवटचं पान मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, टपालात टाकलेल्या रिपोर्टासकट.

“म्हणून बाजारात लोक गप्प व्हायचे मला बघून,” ते म्हणाले. “मला वाटायचं, वर्दीला घाबरतात.”

मी साहेबांना दुसरा रिपोर्ट लिहितो म्हणालो. चूक माझी, जमादार निर्दोष, सगळं कबूल करतो म्हणालो.

“तो लिहाच. पण साहेब, तो तुमच्या साहेबांसाठी झाला. ज्यांनी वहीत लिहून घेतलं ते पंधरा जण गावातच राहतात. त्यांना कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर्दी चढवून मसोलीच्या त्या ओटीवर गेलो, पहिल्यांदाच पुढच्या दाराने. मास्तर बाजूला झाले. जमादार अंगणात उभे होते, आत आले नाहीत. मी म्हणालो, “तुम्ही जमादारांबद्दल जे वाक्य वहीत उतरवलं, ते मी लिहिलं होतं आणि ते खोटं आहे. त्यांनी काही फोडलं नाही. खबर माझ्या कागदावरून फुटली. ते पान फाडा.” आधी एका ड्रायव्हरने पान फाडलं, आणि मग सगळ्यांनीच.

परत येताना जमादार नेहमीसारखे एक पाऊल मागे चालत होते. मसोली संपल्यावर म्हणाले, “मराठीत सांगितलंत ते बरं केलंत साहेब. मला ऐकू आलं.”

जमादारांवरची चौकशी रद्द झाली. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा पडला आणि सहा महिन्यांत बदली झाली. त्यात अन्याय काही नव्हता. त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली आणि एक रीत पाळली. हाताखालच्या माणसाविरुद्ध लिहायची वेळ आली, की कागद वर पाठवण्याआधी त्याला समोर बसवायचं आणि त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. कितीतरी वेळा, अर्धा वाचून होईपर्यंत, माझ्या हातानेच तो फाडावा लागला.