अक्का पुढच्या दारानं गेली

शेवटच्या दिवशी अण्णा, माझा थोरला भाऊ, माझ्याशी भांडून गेला. सकाळचे आठ असतील. दोन इडल्या खाल्ल्या, तिसरी ताटात नुसती चुरून ठेवली आणि म्हणाला, "पेच्ची, ती हिरवी साडी नेस नि चल. एकच शॉट राहिलाय. पाठच दिसणार तुझी, तोंड नाही."

मी म्हणलं, "तीन आठवडे तेच ऐकतेय. नाही म्हणजे नाही."

"तुझी पाठ काय सोन्याची आहे का गं?"

"सोन्याची असती तर विकून तुझ्या सिगरेटी आणल्या असत्या."

हसला नाही. चपला घातल्या नि गेला. साडेअकराला मदिवाणनचा फोन आला. तो अण्णाचा असिस्टंट, मला आत्या म्हणतो. म्हणाला, "आत्या, सर स्टुलावर बसले होते, तसेच कलंडले."

मी स्टुडिओत शूटिंगच्या फ्लोअरवर पोचले तर सगळे दिवे चालूच. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. एळुमलै, अण्णाचा जुना लाइटमन, कोपऱ्यात मांडीवर कोहळा घेऊन बसला होता. त्या दिवशी शूटिंग संपणार होतं ना. शेवटचा शॉट झाला की कोहळ्यावर कापूर लावून ओवाळायचा नि गेटबाहेर फोडायचा, की काम संपलं. तो कोहळा तसाच राहिला.

पेपरात पुष्कळ आलं. वादग्रस्त दिग्दर्शक तवमणी यांचं निधन. वाद तर होतेच. एका समारंभात बोलला, "हिरोला एक पगार नि त्याच्या मिशीला वेगळा पगार, असं किती दिवस चालणार?" त्या हिरोच्या चाहत्या पोरांनी चौकात अण्णाचा पुतळा जाळला. माफी माग म्हणाले. हा म्हणाला, "मिशीची मागतो, माणसाची नाही." मग दोन वर्षं काम नाही. मी रसम-भातावर घर चालवलं आणि हा जेवताना म्हणायचा, मीठ कमी आहे.

पण खरा वाद मिशीचा नव्हता. खरा वाद आमच्या अक्काचा.

सोलैअम्मा. मी सात वर्षांची, अण्णा अकराचा, ती वीसची. सायकल दुरुस्तीवाल्यावर मन बसलं तिचं, तो दुसऱ्या जातीचा. एके दिवशी सकाळी तिनं माझी वेणी घातली, हिरवी साडी नेसली आणि पुढच्या दारानं सरळ चालत गेली. गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी काका लोकांनी तिला परत आणली. संध्याकाळी सांगितलं, पोटात दुखून गेली. गावात आजही विचारा, पोटातच दुखलं म्हणतील.

अण्णानं पहिला पिक्चर केला तो तिच्यावरच. प्रोड्यूसर म्हणाला, पोरीनं शेवटी विहिरीत उडी मारायला पाहिजे, लोक रडतील. ह्यानं ऐकलं. वय लहान होतं, खिसा रिकामा होता. उडी झाली, कोहळा फुटला, पिक्चर शंभर दिवस चालला. गावानं हार घातले. काकांनी स्वतः घातला. तो हार गळ्यात पडला तेव्हा त्याला कळलं म्हणे, की आपण काय केलं. मला म्हणाला, "पेच्ची, त्यांनी मारली ती एकदा. मी तिला रोज तीन खेळांत मारतोय."

मग पुढच्या प्रत्येक पिक्चरात तो त्या उडीची भरपाई करत राहिला, नि लोक चिडत राहिले. दहा वर्षांपूर्वी मुलाखतीत सांगून टाकलं, माझा पहिला पिक्चर खोटा आहे, माझ्या बहिणीनं उडी मारली नव्हती. त्या दिवसापासून अण्णाला गावातून लग्नाची पत्रिका आली नाही. त्याच्या पोस्टरांवर शेण बसलं.

हा शेवटचा पिक्चर म्हणजे तीच गोष्ट, खरी. शेवट फक्त एवढाच की अक्का दारातून चालत जाते. आमच्याच जातीची माणसं अक्काचं काम करणाऱ्या नटीच्या घरासमोर जाऊन बसली, नि ती यायची बंद झाली. म्हणून माझ्या मागे लागला होता. "तू अक्कासारखी चालतेस. डावी टाच घासत."

मी का नाही म्हणत होते? माझी पोरगी कयल गावाकडंच, आमच्याच जातीत दिलीय. तिच्या सासऱ्यानं निरोप धाडला होता, भावाच्या पिक्चरात दिसलात तर आमच्या दारात पाय ठेवायचा नाही. तिला पाच महिन्यांचं बाळ. मी अजून एकदाच मांडीवर घेतलेलं.

अण्णाचे सोळाव्या दिवसाचे विधी झाले नि दुसऱ्या दिवशी मदिवाणन आला. बसेना. उभ्यानंच म्हणाला, "आत्या, प्रोड्यूसर म्हणतोय शॉट नाही तर नाही. जुन्या पिक्चरातली ती विहिरीची उडी काढून शेवटी लावतो म्हणतोय. खाली सरांचा फोटो, हार घातलेला."

"परत उडी?"

"परत उडी."

मी पेटी उघडली नि हिरवी साडी काढली. मग कयलला फोन केला. ती रडायला लागली. "अम्मा, हे लोक तुला आत घेणार नाहीत गं."

"मग बाळाला घेऊन तू बाहेर ये. दार दोन्हीकडून उघडतं."

तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, "साडीला पिन लाव नीट. तुझा पदर सुटतो."

फ्लोअरवर आमच्या गावच्या घराचा दरवाजा उभा केला होता. उंबरठासुद्धा तसाच, मधे झिजलेला. अण्णाला सगळं आठवत होतं. त्याचं स्टूल रिकामं होतं, कुणी हलवलं नव्हतं. मदिवाणन म्हणाला, चला. मी चालले.

"कट. आत्या, मागे वळून बघितलंत."

खरंच बघितलं होतं. अक्कानं नव्हतं बघितलं. तेव्हा मी पायरीवर उभी राहून हाका मारत होते तरी नाही. मी परत दाराच्या आत जाऊन उभी राहिले, डोळे पुसले. म्हणलं, "आता घे."

दुसऱ्यांदा सरळ गेले. पार भिंतीपर्यंत गेले, कट म्हणाला ते ऐकूच आलं नाही. मेकअपवाल्या बाईनं हात धरून थांबवलं.

एळुमलैनं तोच कोहळा आणला. इतके दिवस लाइटच्या पेट्यांमागे गोणपाटात ठेवला होता म्हणे. आम्ही सगळे गेटबाहेर आलो. अण्णाचा देवावर विश्वास नव्हता, दर वेळी म्हणायचा, बिचाऱ्याचं सांबार करा रे. पण फोडण्याआधी एळुमलै त्यालाच विचारायचा, सगळं झालं ना, काही राहिलं नाही ना? आणि गेली तीस वर्षं अण्णा काही न बोलता नुसता हात हलवायचा, फोड म्हणून.

एळुमलैनं कापूर पेटवला, कोहळा दोन्ही हातांनी वर उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "अम्मा, सगळं झालं ना? काही राहिलं नाही ना?"

"नाही राहिलं," मी म्हणलं. "फोड."