तांबडीची पीयूसी

माझ्या बहात्तर वर्षांच्या आत्याकडे स्पोर्ट्स कार आहे.

हे वाक्य मी कुठेही बोललो की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाचा वास घेतात. पण खरंच आहे हो! दोनच माणसांची, टप उघडणारी, लालभडक, आणि जमिनीला इतकी लागून की रस्त्यातली कोंबडी थेट आपल्या डोळ्याला डोळा भिडवते. आत्या जामसंड्यात गणित शिकवायची. बाकीच्या बाया पाटल्या करत होत्या, तेव्हा हिनं मडगावच्या एका डॉक्टराकडून ही जुनी गाडी घेतली आणि एकटीनं चालवत घरी आणली. नाव ठेवलं तांबडी. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "घोव केलो आसतो तर हिका येळ खंयसून दिलो आसतो?"

तर या तांबडीची नोंदणी संपत आली होती. नवी करायची तर धुराची तपासणी, म्हणजे पीयूसी, हवी. आणि आमच्या भाऊंना (म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ) हीच संधी वाटली.

"बाय, आता पुरे गो," भाऊ म्हणाले. "डोळ्याचा आपरेशन झाला, वय झाला. पम्याची गाडी आसा मा! मागच्या सीटार आरामात बसान जा." (पम्या म्हणजे मी.)

"मागच्या सीटार नारळ बसवतत. मी नारळ आसंय?"

"पण पीयूसीत नापास झाली तर?"

आत्यानं चष्मा काढला. तिनं चष्मा काढला की अजूनही अर्धा गाव उभा राहतो. "पास झाली तर माझी गाडी, माझी चावी. कोणी तोंड उघडूचा नाय. नापास झाली तर चावी देवाफुडे ठेवतंय. मगे तुमी न्हेशात थंय गप येतलंय."

झालं! शब्द सुटला. आता आमच्याकडे देवापुढे शब्द ठेवायचा म्हणजे गाऱ्हाणं घालायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही मागून.

"आज आमच्या घरातली..." इथं भाऊंनी चोरून बहिणीकडे बघितलं. तिच्या तोंडावर तिच्याच गाडीचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटेना. "...आमच्या घरातली जी कोण गाडी थंय धूर ओकात, तिची चावी तुझ्या पायाकडे येवंदे! आनी तिच्या मालकान दुसऱ्याच्या गाडयेत बसान गुमान जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. (लक्षात ठेवा. मला विसरायला आवडेल, पण तुम्ही ठेवा.)

तांबडीची मला काळजी नव्हती, कारण एप्रिलभर ती माझ्याच ताब्यात होती. आत्या डोळ्यासाठी कुडाळला मैत्रिणीकडे राहिली होती, आणि जाताना तिनं मला बजावलं होतं, "पम्या, पोटच्या पोरासारखी सांभाळ." मी सांभाळलीही! उन्हात रंग जाऊ नये म्हणून बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपीत, नेऊन ठेवली. तिथं आमच्या काजूच्या बिया वाळवून ढीग घातलेला होता, त्याच्या कडेला. पुढं आठवड्यानं सुचलं की उंदीर सायलेन्सरात शिरतील, म्हणून नारळाचं सोडण, म्हणजे वरची जाड साल, घेऊन नळीच्या तोंडात ठोकून घट्ट बसवलं. त्या दिवशी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी बायकोलाही फोन करून सांगितलं.

तर गाऱ्हाणं झाल्यावर ते सोडण मी सगळ्यांसमोर ऐटीत उपसून काढलं. आत्या बसली. डोक्याला रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा, नऊवारी नीट पायाखाली. एका चावीत तांबडी सुरू! मागून माझ्या गाडीत मी आणि भाऊ. मागच्या सीटवर मी एक मऊ उशीसुद्धा ठेवली होती. चुकून नापास झालीच, तर परत येताना आत्याला तिथं बसावं लागणार होतं ना! भाचा कसा असावा, तर असा.

पहिल्या चढावावर तांबडीच्या मागून एक बारीकशी काळी शेंडी निघाली. दुसऱ्या चढावावर शेंडीचा अंबाडा झाला. पंपाजवळच्या पीयूसीच्या टपरीपाशी पोचेपर्यंत पुढं आत्या आहे की वीटभट्टी, हेच मला दिसेना!

"देवान आयकल्यान रे!" भाऊंनी डोळे मिटले.

टपरीत बसला होता संत्या. संत्या हा आत्याचा जुना विद्यार्थी, आणि आत्यानं त्याला सातवीत गणितात नापास केलं होतं. त्यानं धूर बघितला, धुरातून उतरणाऱ्या बाई बघितल्या आणि खुर्ची सोडून उभाच राहिला.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? नळी न लावताच देतो की मी पास!"

"संतोष!" आत्या शाळेतल्या मराठीत कडाडली. "पेपर न तपासता मी तुला कधी मार्क दिले होते?"

"नाही बाई."

"मग लाव नळी. नापास असेल तर नापास लिही."

काय बाई आहे! सगळं जायची वेळ आली होती. चावी, गाडी, एकटीनं फिरणं. संत्या आपणहून ताट वाढत होता आणि ही म्हणतेय, नको. मी मान वळवून डोळे पुसले. (थोडा धूरही होता.)

संत्यानं नळी घातली. ती आत जाईना. "बाई, आत काय तरी आसा." एवढ्यात गर्दी जमली. वडापाववाला तर कढई पेटती टाकून आला. जो तो नाक वर करून हुंगत होता. आणि हुंगता हुंगता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं!

आत्यानंही हुंगलं. "हो पेट्रोलचो वास न्हय," ती म्हणाली. "हय कोण तरी काजी भाजता."

सगळ्यांनी इकडं तिकडं बघितलं. आत्यानं फक्त माझ्याकडं बघितलं.

"पम्या, गाडी खंय ठेवलं हुतंस?"

"मांगरात."

"काजीच्या ढिगाकडे?"

"हो, पण मी सोडण ठोकलं होतं ना!"

"कधी?"

"आठवड्यानं..."

"शिरा पडो तुझ्या तोंडार! उंदरांनी आठवडोभर बेगमी केल्यानी आनी तू वयर बूच मारलंस! उंदीर भायर आनी काजी आत! वाक आता, बघ कितकी हत ती."

मी गुडघे टेकून नळीला डोळा लावला. तेवढ्यात तिनं चाकामागं बसून ॲक्सिलरेटर दाबला! धाड्! पहिली बी माझ्या नाकावर. धाड्! दुसरी भाऊंच्या पोटावर. मग सरळ सरबत्तीच सुरू झाली आणि भाजलेल्या, काळ्याकुट्ट बिया रस्त्यावर टपाटप पडायला लागल्या. वडापाववाल्यानं दगड घेऊन फोडायलाही सुरुवात केली. "मस्त भाजल्यात हां बाई!" लोक गरम काजू खात होते आणि मी नाक धरून नाचत होतो. काजूच्या सालीचं तेल कातडीला लागलं की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दहा मिनिटांत माझ्या नाकाचं काजूच्या फळासारखं लाल बोंडू झालं.

धूर निवळला. संत्यानं नळी पुन्हा घातली, यंत्राकडं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि ओरडला, "बाई, फर्स्ट क्लास! नवीन गाड्यांची पण अशी येत नाही!"

येणारच! कुठला पेच कधी फिरवला, कुठलं तेल कधी बदललं, सगळं त्या बाईच्या डोक्यात. आत्या हसली नाही. तांबडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून नुसती उभी राहिली, आणि काळ्या चष्म्याखालून काहीतरी पुसलं. मला इतका आनंद झाला की मी नाक विसरलो.

"प्रमोददादा, तुझी पीयूसी दाखव," संत्या म्हणाला.

"माझी? चार वर्षांची गाडी आहे ती! तिला काय धाड भरलीय?"

"दाखव तर."

बघितली तर मुदत कधीच संपलेली. "लाव नळी!" मी छाती पुढं काढली. संत्यानं माझ्या डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला, आणि भाऊंचा पांढरा सदरा माझ्या डोळ्यांदेखत राखाडी झाला! या धुराला मात्र काजूचा वास नव्हता. सर्व्हिसिंग मी पुढच्या महिन्यावर टाकत होतो, ते कितव्या महिन्यापासून, हे मलाही आठवेना.

"नापास," संत्या म्हणाला. हा शब्द उच्चारायला तो सातवीपासून थांबला असावा.

भाऊ आकाशाकडं बघत पुटपुटले, "घरातली जी कोण गाडी..."

"व्हय म्हाराजा!" आत्या म्हणाली आणि माझ्यापुढं हात पसरला. मी चावी दिली.

तेव्हापासून माझी चावी देवापुढं आहे, गाडी मेकॅनिककडं आहे आणि मी रोज आत्याच्या शेजारी बसून बँकेत कामाला जातो. "पट्टो लाव. हात भायर काढू नको. डबो घेतलंस?" बँकेच्या दारात ती हॉर्न वाजवते, मग सगळी शाखा खिडकीत येते. पण खरं सांगू? टप उघडा, बाजूला खाडी, पुलावर वारा नुसता भणाणतोय, आणि ही बाई गिअर टाकते तो लोण्यात सुरी गेल्यासारखा! जन्मात एवढा रुबाब मी केला नव्हता.

काल मेकॅनिकचा फोन आला, कोल्हापूरहून पार्ट आला म्हणून. आज सकाळी मी गुपचूप देवापुढं उभा राहिलो, हात जोडले आणि हळू आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा, मिरगाचो पाऊस लागासर त्या मेकॅनिकाक दुसरी कामां गावांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून चावी वाजली. "चल आता, उशीर होता. आनी ती तुझी उशी घेतलंस मा?"