पोरगा पाहते ना

पुलगाव स्टेशनवर मी भाषण ठोकलं होतं. बाबा आणि ताई पोचवायला आलेले, गाडीला वेळ होता. मी बाकावर चढून जाहीर केलं, की दोन वर्षांत बाबांना पुण्याला नेतो आणि आरामखुर्चीत बसवतो. हमाल हसले. बाबांनी मला दंडाला धरून खाली घेतलं. "उतर. लोकाइची बसाची जागा हाये ते," एवढंच बोलले.

त्याला पंचवीस वर्षं झाली. माझ्यासारखे गाव सोडून निघालेले आणि रोहण्यातच राहिलेले, तुम्हा सगळ्यांना माझा धंदा ठाऊक आहे. मी निवृत्तीच्या योजना विकतो. सोसायट्यांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सांगतो, की सरकारच्या भरवशावर राहू नका आणि पोरांच्या तर मुळीच नको. इथे मी वाकून, काठी टेकत म्हाताऱ्याची नक्कल करतो. लोक हसतात आणि फॉर्म भरतात.

बाबांकडे यातलं काहीच नव्हतं. भाजीची वाडी आईच्या आजारपणात विकली, आई तरी गेलीच. सत्तरी उलटल्यावरही ते पहाटे दुसऱ्यांच्या वाडीत मेथीच्या जुड्या बांधायला जात. पाठ धरली तेव्हा पुलगावला दिलेल्या ताईने ठरवलं, की निराधारांना सरकार दरमहा पैसे देतं, त्याचा अर्ज करायचा. म्हणजे बाबा घरी बसतील. फक्त लिहून द्यायचं, की सांभाळणारं कुणी नाही.

तो मजकूर मी फोनवरून सांगितला, अगदी रंगात येऊन. "एकुलता एक मुलगा परगावी असून ढुंकूनही पाहत नाही. छदाम पाठवत नाही." ताई लिहिता लिहिता हसत होती, मीही हसत होतो. काय झकास थाप जमली! फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की यात थाप कुठेच नाही. फ्लॅटचा हप्ता, पोरीची फी, माझ्याच म्हातारपणाची गुंतवणूक. बाबांना दिवाळीला धोतरजोडी. वाईट वाटायला हवं होतं. पण दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालं. मी पोटभर जेवलो.

आर्वीच्या तहसीलात बाबांची पाळी आली. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचून विचारलं, मुलगा खरंच बघत नाही का. मागे रांगेत आपल्याच गावचे चौघे उभे. ताई सांगते, बाबांची धरलेली पाठ तेवढ्यापुरती सरळ झाली.

"पाहते ना. दर महिन्याले पैसे पाठवते. पुण्याले चला म्हणते, मीच जात नाई."

बाईंनी अर्ज परत दिला. ताईने तिथूनच फोन लावून मला सगळं सांगितलं आणि बाबांच्या हातात दिला.

"काऊन खोटं बोलले बाबा?" त्यांच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप रोहण्याला पोचते.

"मंग का तुह्या नावानं असं लिहून सही करू, सुधाकर?"

पुढच्या महिन्यापासून मी पैसे पाठवू लागलो. बँकेतून आपसूक जातात, आठवणही ठेवावी लागत नाही. मिटला विषय, असं मी समजत होतो. मागच्या आठवड्यात ताई म्हणाली, बाबा अजून जुड्या बांधायला जातात. पैशांना हात लावत नाहीत. तिने खडसावलं, तर म्हणाले, "सुधाकरच्या म्हातारपणाले लागन. तो थकन तवा कोण हाये त्याले?"

परवा एका हॉलमध्ये माझी म्हाताऱ्याची नक्कल झाली, हशा झाला, तेव्हा मागच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "सर, तुमच्या स्वतःच्या म्हातारपणाची सोय कुठे केलीये?" याला माझ्याकडे रंगीत आलेख असलेली एक स्लाइड आहे. ती मी लावली नाही.

"रोहण्याला," मी म्हणालो.

"प्लॉट घेतलाय का?"

"नाही," म्हटलं. "घर आहे."