राजाची दाढी
नाटकातली दाढी चिकटवायच्या डिंकाचा वास आला की माझा हात आजही तोंड पुसायला जातो. सत्तरच्या दशकात म्हसवडकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकात नटांना रंगवायचं काम माझ्याकडे असे. राजा व्हायचा तो पाटलाच्या थोरल्यानंच, मग त्याला चार वाक्यं धड येईनात का. राजाचं सगळं भाषण तोंडपाठ होतं ते एका खणखणीत आवाजाच्या मेंढपाळाला, पण त्याच्या वाट्याला दरवर्षी मुका भालदार. त्या वर्षी मी राजाला दाढी लावताना तो मेंढपाळ शांतपणे म्हणाला, "आवं, माज्या बोकडाची केसं राजाला चालत्यात, मग मीच का चालत न्हाई?" थोरला हसला. त्याच्याहून मोठ्यानं मी हसलो. ते घाणेरडं हसू अजून माझ्या तोंडाला चिकटलेलं आहे, खरवडलं तरी निघत नाही.