फुललेल्या पीचवरचा बर्फ

झऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेचं मातुमेलोला वेड लागलंय, असं अख्खं गाव म्हणे, आणि खोटं म्हणत नसे. शाळेसमोर कणकेचे गोळे तळून विकणारी ही बाई ऋतू पालटला की मोबाइल घेऊन त्या वाटेच्या एकाच वळणावर हजर. हिवाळ्यातली उघडीबोडकी वाट, पीचची गुलाबी फुलं, पुरुषभर उंच ज्वारी, मग पिवळी पडलेली पॉपलरची झाडं. सगळे फोटो टपरीत टांगलेले.

"दुसऱ्या वाटा रुसतील गं," बायका चिडवायच्या.

तिला मात्र एकाच फोटोची आस होती. फुललेल्या पीचवर बर्फ. डोंगरात बर्फ पडायचा, पण फुलं यायच्या आतच उरकून जायचा.

त्या सप्टेंबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, तो उशिरा पडला. सकाळी मातुमेलोने दार उघडलं, तर सगळं पांढरंशुभ्र. मळलेली कणीक तशीच टाकून, घोंगडी लपेटून ती धावत सुटली.

वळणावरच्या पीचच्या बागेचे मालक, म्हातारे सेखोबे, ज्यांना सगळे न्ताते म्हणजे बाबा म्हणत, काठीने फांद्यांवरचा बर्फ पाडत होते. सगळी झाडं झटकून झाली होती. एकच उरलं होतं.

"न्ताते, थांबा! तेवढं ठेवा."

"फांदी मोडली तर फोटो खाऊ का मी?"

तिने घाईघाईने मोबाइल काढला, तर तो गारठून बंद पडलेला. तिला रडूच यायचं बाकी होतं. तिने तो काखेत दाबला. इकडे फांदी करकरली, न्तातेंनी काठी उगारली. मातुमेलो सरळ फांदीखाली शिरली आणि तिने ती खांद्यावर पेलली.

"आता नाही मोडत. झालं?"

"आणि फोटो कोण काढणार? तुझी सासू?"

तेवढ्यात काखेतल्या उबेने मोबाइल सुरू झाला. तिने तो पुढे केला. "तुम्ही काढा."

"जन्मभर मेंढ्या राखल्यात मी, पोरी."

"पांढऱ्या गोलावर बोट टेकवा. लवकर, ऊन आलंय!"

वितळलेले थेंब तिच्या मानेवरून पाठीत उतरत होते.

"हसू नकोस, सगळं खाली येईल," न्ताते म्हणाले.

"मग तुम्ही बोलू नका ना!"

त्यांनी बोट टेकवलं, आणि पुढच्याच क्षणी फांदीवरचा सगळा बर्फ तिच्या अंगावर कोसळला. ओलीचिंब मातुमेलो त्या चिखलात नाचायलाच लागली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

फोटोत अर्धा डोंगर गायब होता, कोपऱ्यात न्तातेंचं बोट होतं. पण गुलाबी फुलांवर बर्फ लख्ख दिसत होता. खाली मात्र मान वाकडी करून, तोंड वासून ती स्वतः उभी होती.

"शी! मी मधेच कशाला? मला कापून टाकते, मग छान दिसेल."

न्तातेंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"काप की. मग फांदी कुणाच्या खांद्यावर राहणार?"

तिने फोटो होता तसाच टांगला.