अक्कांचा डीजे

माझ्या मोठ्या जाऊबाईंना, लंकाबाईंना, आम्ही अक्का म्हणतो. त्यांना मी कधी नीट बसलेलं पाहिलं नाही. जेवायलासुद्धा उकिडव्या, एक पाय उठायच्या तयारीत. शेवगावजवळच्या आमच्या वस्तीवर सगळे म्हणतात, लंकाबाईच्या पायाला भिंगरी आहे. हसत म्हणतात. याच हसण्यापायी अक्कांची किडनी जायची वेळ आली होती, म्हणून आता कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

अक्का आणि अंगदभाऊजी दरसाल ऊसतोडीला जातात. फडात बाईमाणसानं आडोसा शोधायचा कुठं? म्हणून अक्का दिवसभर पाणीच पीत नाहीत. मुतखडा होणार नाही तर काय होणार! भादव्यात अशी कळ उठली की त्या अंगणात गडबडा लोळल्या. भाऊजींनी नगरला नेलं. आता पूर्वीसारखं पोट फाडत नाहीत. लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण वर किडनीपर्यंत नेतात आणि लेसरनं खड्याचा भुगा करतात. दोन दिवसांत अक्का घरी, त्याही चालत.

शेजारच्या रतनबाई बघायला आल्या. "टाकं कुटं हायेत?" एकही टाका नव्हता. "मंग कसलं गं आप्रेशन!" टाका नाही म्हणजे आजारच नाही, असा आमच्याकडचा न्याय. अक्कांनी त्याच दुपारी खराटा हातात घेतला.

मी अंगणवाडी सेविका, मला चौकशीची खोड. भाऊजींना विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" तर म्हणे, "पानी पाजा म्हनले. नर्सबाई आजून काईतरी सांगत हुती, पर मी गोळ्या आनाया गेल्तो." नर्सनं सांगितलं ते अक्कांनी गुंगीत ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही.

मग नवरात्र आलं. भाऊजी वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. पोलिसांनी डीजेला बंदी घातलेली, ठाण्यातून सारखे फोन. त्यात एका बाईचा फोन आला, "डीजे काढला का?" भाऊजी ताठ उभे राहून म्हणाले, "कवाच काढला, मॅडम. आमच्याकडून काय बी तक्रार येनार न्हाई." नंतर चार लोकांत मिशीला पीळ देत सांगितलं, "आता बाई फौजदार आली वाटतं!"

दिवाळीनंतर दोघं कोल्हापूरकडं तोडीला गेले. अक्कांचा फोन आला की मला घोर लागायचा. "सविता, लघवीला दम निघंना गं. घटकाघटकाला पळावं लागतं. बसले की कंबरंत कळ, वाकले की जळजळ." मागून भाऊजींचं हसणं ऐकू यायचं, "तिला बसायचं कवा जमलंय!" अंगणवाडीत पोरांची खिचडी ढवळताना तेच डोक्यात घोळायचं. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

माघात एकदा अक्का हळूच म्हणाल्या, "लघवी लाल झाली." मी तडक नगरच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "पण त्यांचा डीजे काढलाय ना? तसं घरच्यांनीच सांगितलं."

"कसला डीजे, बाई?"

"नळी हो, ताई. ऑपरेशननंतर वाट सुजून बंद होऊ नये म्हणून किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत आत ठेवतो. तिला डीजे म्हणतात. काही आठवड्यांत काढावीच लागते, नाहीतर किडनी जाते."

भाऊजींना फोन करून मी जे तोंड सोडलं, ते सात पिढ्यांत कुणा धाकट्या जावेनं सोडलं नसेल. ते म्हणाले, "म्हंजी त्यो फोन पोलिसांचा न्हवता व्हय?"

मिळेल त्या गाडीनं ते अक्कांना घेऊन नगरला आले, मीही तिथं पोचले. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. नळीवरच नवे खडे धरले होते, किडनी सुजली होती. "वाचेल का?" मी विचारलं. "आत गेल्यावर सांगतो," म्हणाले. अक्कांना आत नेलं आणि बाहेर आम्ही दोघं येरझारा घालत राहिलो. मला भाऊजींचा राग येत होता आणि अक्कांच्या चपला हातात धरून फिरणाऱ्या त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं.

अखेर डॉक्टर बाहेर आले. लेसरनं खडे फोडून नळी काढली होती. किडनी थोडी दुबळी झाली होती, पण वाचली होती. मी देवाचं नाव घेतलं आणि खालीच बसले.

संध्याकाळी नर्सनं ती नळी डबीत घालून दाखवायला आणली. काडीएवढी बारीक, दोन्ही टोकं आकड्यासारखी वळलेली. अक्का खाटेवर पाठ टेकून, पाय लांब सोडून बसल्या होत्या. असं बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी डबी डोळ्यांजवळ धरून निरखली, मग भाऊजींपुढे केली.

"घ्या तुमचा डीजे. पाच म्हैने नाचले मी ह्याच्यावर. तुमाला ऐकूच आला न्हाई."